शेवटच्या चौकटीचा न्हावी

आमच्या राफाएला गावात माणसाला माज करायचा तर दोनच गोष्टींचा, गाईंचा नाहीतर घराण्याचा. ओरेस्ते जिराउदोकडे एकही गाय नव्हती, आणि जिराउदो आडनावाचे तर आमच्याकडे इतके, की दगड भिरकावला तर एखाद्याच्या टाळक्यात बसायचाच. तरी त्याच्याइतका माजोरडा माणूस गावात सापडला नसता. धंदा न्हाव्याचा, पण आव असा आणायचा की विनोदाचा मक्ता सरकारनं ह्याच्याच नावावर करून दिलाय.

त्याचं सलून रेल्वेफाटकाच्या अलीकडे. एक खुर्ची, एक भलाथोरला आरसा, आरशासमोरच्या भिंतीला लागून वाट बघणाऱ्यांचं बाकडं, आणि बाकड्याच्या वर फळीवर 'डॉन प्लासिदो'च्या जुन्या अंकांचे जाड पुठ्ठ्यात बांधलेले गठ्ठे. ओरेस्तेच्या तरुणपणी हे चित्रांचं साप्ताहिक अख्ख्या आर्जेन्टिनात वाचलं जायचं. बंद पडूनही जमाना झाला होता. सत्तर सालच्या सुमारास घराघरात टेलिव्हिजन आलं, पोरं ह्या असल्या चित्रांकडे ढुंकूनही बघेनात, पण ओरेस्तेच्या सलूनमध्ये डॉन प्लासिदोशिवाय दुसरं काही वाचायची सोय नव्हती. कुणी चुकून बगलेत फुटबॉलचा अंक घेऊन आला तर ओरेस्ते तो दोन बोटांनी उचलायचा आणि दाराबाहेर ठेवायचा, मेलेला उंदीर टाकावा तसा.

आता डॉन प्लासिदोत होतं काय? सांगतो. एक लठ्ठ कारकून, डोक्यावर गोल टोपी. पानभर आठ चौकटी. पहिल्या चौकटीत तो घरातून निघतो. मग त्याला कुणीतरी आपटतं. कधी खेचर, कधी घरमालकीण, कधी सासू, कधी ट्राम. सातव्या चौकटीत तो चारी मुंड्या चीत, टोपी गटारात. आठव्या चौकटीत तो उठतो, टोपी उचलतो, फुंकर मारतो, "असू दे" म्हणतो आणि चालू लागतो. संपलं. दर आठवड्याला हेच, वर्षानुवर्षं हेच. ह्यात डोकं फोडून वाद घालण्यासारखं काय आहे असं तुम्हाला वाटेल. मग तुम्ही आमच्या गावची माणसं बघितलेली नाहीत.

औषधांच्या दुकानातला बोस्सिओ म्हणायचा, खरी गंमत बोलण्यात आहे, चित्रं काय कुणीही काढेल. आणि मग तो नाकातून आवाज काढून सासूचे संवाद वाचून दाखवायचा. ते ऐकून बोस्सिओच्या हातचं औषध कुणी कसं घेतं हेच कळायचं नाही. फादर कोर्नेलिओंचं म्हणणं, हा विनोद क्रूर आहे, गरीब बिचाऱ्या जाड्या माणसाला सगळे तुडवतात. आणि असं म्हणत म्हणत फादर पुढचं पान उलटायचे, तिथे खेचराची लाथ बघून पोट धरून हसायचे, आणि मग पुन्हा क्रूर आहे म्हणायचे. बाकीचं गाव, म्हणजे दूधवाले, ट्रकवाले, धान्याचे दलाल, ते सरळ सातव्या चौकटीला हसायचे. माणूस पडला, हसा.

ओरेस्तेच्या लेखी हे सगळे एकजात गाढव.

"पडण्यात काय आहे हसण्यासारखं?" तो गिऱ्हाइकाची मान पुढे दाबत म्हणायचा. "पडतं तर गोठ्यातलं वासरूही. हसायचं ते शेवटच्या चौकटीला! तो टोपी उचलतो ना, फुंकर मारतो ना, तिथे! तिथे माणूस आहे, बाकी सगळा नुसता आपटबार. पण हे कळायला डोक्यात केसांखाली काहीतरी लागतं. मी रोज केस कापतो, मला माहितीय तुमच्या केसांखाली काय आहे ते."

आणि एवढं बोलणारा हा माणूस स्वतः आयुष्यात कधी कुणाला "असू दे" म्हणाला नाही बरं का. सातव्या चौकटीला हसणाऱ्याचे केस तो मानेवर वाकडे कापायचा. हळूच, दोन बोटं एका बाजूला वर. घरी बायकोनं मागून बघितल्याशिवाय कळायचं नाही. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकांवरच्या माना बघितल्या की कोण कुठे हसला होता ते मागच्यांना बरोबर समजायचं.

कोण कुठे हसतो हे ओरेस्तेला समजायचं आरशातून. बाकड्यावर बसलेला माणूस वाचताना समोर आरशात दिसायचा, खुर्चीतला तर दिसायचाच. ओरेस्तेला सगळे गठ्ठे तोंडपाठ. पान उलटल्याचा आवाज आला की त्याच्या मनात चौकटी सुरू व्हायच्या, आणि वाचणाऱ्याचे डोळे कुठवर पोचलेत हे तो हात न थांबवता ताडायचा. वर्षं जाता जाता गावाला अक्कल येत चालली होती, हे मात्र त्यालाही कबूल करावं लागायचं. एकेक जण आठव्या चौकटीला हसायला लागला होता. बोस्सिओसुद्धा. फादरसुद्धा. "माझ्या मेहनतीचं फळ आहे," ओरेस्ते म्हणायचा, "दगडाला पाझर फोडलाय मी."

एका माणसाला मात्र त्याला काही शिकवावं लागलं नव्हतं. त्याची मुलगी ग्रिसेल्दा. आई गेली तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. मग घरी कुणी नाही म्हणून ती दिवसभर सलूनमध्येच, बाकड्याच्या टोकाला पाय हलवत, मांडीवर डॉन प्लासिदो. आणि अक्षरओळख धड झालेली नसताना पोरगी आठव्या चौकटीला हसली. अगदी अचूक! ओरेस्तेनं त्या दिवशी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला तसंच अर्धवट सोडून तिला उचलून घेतलं. बेकरीतून क्रीम भरलेले पाव आणले. नंतरही कितीतरी दिवस येईल त्याला सांगत सुटला, "रक्तातच असावं लागतं हो, रक्तात."

सगळ्या गावाला तुच्छ लेखणाऱ्या ह्या माणसाचा जीव अडकला होता तो एवढ्या एकीत. ग्रिसेल्दा मोठी झाली, टॉवेल धुऊ लागली, केस झाडू लागली, हिशेब बघू लागली. तिचा नवरा कसा असावा, तर आठव्या चौकटीला हसणारा असावा. ह्यात थट्टा काहीच नव्हती. ओरेस्तेनं ते खुर्चीवर हात ठेवून, सगळ्यांदेखत, शपथ घ्यावी तसं सांगितलं होतं.

पहिला आला आन्सेल्मो. सहकारी दूधसंघात हिशेबनीस, उंच, चष्मेवाला, आमच्यासारखाच इटलीतल्या पियामोंतेहून आलेल्यांचा पोरगा. ओरेस्तेनं त्याला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, हातात गठ्ठा दिला आणि एका बाजूचे केस कापायला घेतले. आन्सेल्मोनं पहिलं पान वाचलं. सासूनं जिन्यावरून ढकललं, सातवी चौकट, आणि हा बाबा असा खो-खो हसला की चष्मा घरंगळून मांडीवर पडला. आठव्या चौकटीशी ओरेस्ते श्वास रोखून उभा, तर ह्याचं लक्ष चष्मा पुसण्यात. दुसरं पान, तिसरं पान, तीच गत. ओरेस्तेनं कापड ओढून काढलं.

"ऊठ."

"पण दुसरी बाजू राहिलीय, डॉन ओरेस्ते."

"ती तुझ्यासारख्यांच्या न्हाव्याकडून कापून घे. माझ्या मुलीला मी बैलाच्या गळ्यात बांधणार नाही."

अर्ध्या डोक्याचा आन्सेल्मो भर दुपारी चौकातून चालत गेला. आमचं गाव हसलं ते मात्र खरं मनापासून. दूधसंघातली माणसं त्याला "साहेब, अर्धा पगार घ्या" म्हणायला लागली, आणि महिनाभरात तो बदली मागून सुंचालेसला निघून गेला. ग्रिसेल्दा दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखी टॉवेल घेऊन आली. ओरेस्तेला वाटलं, शहाणी पोर, बापाला कळतं हे तिला कळतं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं कुणी आलंच नाही. येणार कोण? आणि मग आला दार्दो पेराल्ता. हा दूध काढायची यंत्रं विकायला गावोगाव फिरणारा, बाहेरचा, बोलायला मध, केसांना इतकं तेल की कंगवा आपोआप घसरावा. ग्रिसेल्दा तिशी ओलांडलेली. तिनं बापाला सरळ सांगितलं, "बाबा, शनिवारी दार्दो येईल केस कापायला. काय ते बघून घ्या, आणि ह्या वेळी नाही म्हणू नका."

"मी नाही म्हणणारा कोण?" ओरेस्ते म्हणाला. "चौकट म्हणेल ते."

शनिवारी बाकडं गच्च भरलं. बोस्सिओ दुकान नोकरावर टाकून आलेला, फादर आलेले, दोन दूधवाले आलेले. कुणालाही केस कापायचे नव्हते. तमाशा बघायला आलेली सगळी जनता, आणि वर चेहरे असे की मयताला आलोय. माते नावाच्या कडू चहाचं भांडं ह्या हातातून त्या हातात फिरत होतं.

दार्दो खुर्चीत बसला, गठ्ठा उघडला. ओरेस्तेची कात्री सुरू झाली. तिची कचकच कधी बंद नसायची, केसात नसली तर हवेत चालू. पहिलं पान. सातव्या चौकटीत प्लासिदो ट्रामखाली टोपी घालवून बसला. दार्दोच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही. ओरेस्तेचा श्वास अडकला, कात्री हवेत थांबली. दार्दो हसला. मोजकं, खानदानी, जसं हवं तसं. बाकड्यावरून "वा!" आलं. दुसरं पान, पुन्हा आठव्या चौकटीला. तिसरं, चौथं, काही चूक नाही. ओरेस्तेच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. यंत्रं विकणारा हा तेलकट माणूस, आणि ही समज! मनातल्या मनात तो लग्नाच्या जेवणाला कुणाला बोलवायचं नाही ते ठरवायलाही लागला.

तेवढ्यात कापलेल्या केसांचा भुगा त्याच्या नाकात गेला. शिंक येईना, जाईना. तो डोळे मिटून, तोंड वासून, कात्री वर धरून तसाच थांबला.

दार्दो हसला.

ओरेस्तेनं डोळे उघडले. दार्दोच्या हातातल्या पानावर डॉन प्लासिदो नव्हताच. अख्ख्या पानावर अंतर्गळावर बांधायच्या चामडी पट्ट्याची जाहिरात होती. कमरेला पट्टा बांधलेला, मिशावाला, दुःखी चेहऱ्याचा एक माणूस. आणि आरशात दिसलं, की दार्दो एकटाच हसत नाही. मागे बाकड्यावर बोस्सिओ हसतोय, फादर हसतायत, दोन्ही दूधवाले हसतायत. बाकड्यावर एकाच्याही हातात पुस्तक नव्हतं.

"कशाला हसताय?" ओरेस्तेनं विचारलं.

हसू बंद झालं. दार्दोनं आरशात बघितलं, मग पानाकडे बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले. "ते... असू दे म्हणतो ना तो," तो म्हणाला.

"पट्टेवाला?"

आता कुणीतरी काहीतरी बोलून सावरायचं, तर बोस्सिओ खाकरला आणि म्हणाला, "दुकानात गिऱ्हाईक आलं असेल माझ्या." फादरना एकदम कुणाचं तरी आजारपण आठवलं. दूधवाले त्यांच्या मागून. एवढे मोठे रसिक, पण दारातून एकमेकांना ढकलत पळाले. ओरेस्तेनं दार्दोचं कापड सोडलं, आणि दार्दो न विचारता, न पैसे देता, अंगावरचे केसही न झटकता निघून गेला.

ग्रिसेल्दा टॉवेलांची चळत घेऊन आली तेव्हा बाप रिकाम्या खुर्चीमागे उभा होता.

"तू शिकवलंस त्याला," तो म्हणाला.

"हो. मीच शिकवलं."

"लबाडी! माझ्याच घरात, माझ्याच मुलीनं!"

"लबाडी कसली, बाबा? मला जसं आलं तसंच त्याला शिकवलं. म्हटलं, पुस्तकाकडे बघ, पण कान कात्रीकडे ठेव."

"कात्रीकडे?"

ग्रिसेल्दानं टॉवेल खाली ठेवले. "तुमची कात्री दिवसभर बडबडत असते. वाचणारा शेवटच्या चौकटीवर आला की गप्प होते. तुम्ही श्वास रोखून आरशात बघत राहता ना, तेव्हा. ती गप्प झाली की हसायचं. एवढंच आहे ते. मी एवढीशी होते तेव्हाच माझ्या लक्षात आलं. हसले तर तुम्ही उचलून घेतलंत, पाव आणलात. मग मी रोज हसले."

"आणि बोस्सिओ?" ओरेस्तेनं विचारलं.

"त्यांना मी सांगितलं, मी दहा वर्षांची असताना. त्यांनी फादरना सांगितलं. आता सगळ्या गावाला माहितीय. मान वाकडी कापून घ्यायची हौस कुणाला आहे?"

"म्हणजे तुलाही... तुला तो शेवट कधीच..."

"मला त्याची भीती वाटायची," ग्रिसेल्दा म्हणाली. "एवढं लागलंय त्याला, आणि हा रडत का नाही? टोपी झटकतो आणि निघतो. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकान उघडलंत, बाबा. मला बाकड्यावर बसवलंत आणि हे पुस्तक दिलंत. मला त्यात हसण्यासारखं काय दिसणार होतं?"

ओरेस्तेला एरवी कुणालाही झोडपायला शब्द कमी पडायचे नाहीत. आत्ता तो शब्द शोधत होता, आणि सापडला तो हा, "बाजारबुणगे! सगळं गाव बाजारबुणग्यांचं! इतक्या वर्षांत ह्या खुर्चीत स्वतःच्या मनानं हसलेला एक माणूस नाही?"

"एक होता."

"कोण?"

"आन्सेल्मो."

बाहेर फाटक पडल्याची घंटा झाली. धान्याची गाडी खडखडत निघून गेली.

"त्याला मी आधी सगळं सांगितलं होतं," ग्रिसेल्दा म्हणाली. "कात्रीचं, आरशाचं. हात जोडले त्याच्यापुढे. तो म्हणाला, मला माणूस आपटला की हसू येतं, त्याला मी काय करू? खोटं हसून मी तुझ्या बापाच्या घरात शिरणार नाही. तुम्ही त्याला अर्ध्या डोक्यानं हाकललंत. मला त्याच्या मागे जायला हवं होतं, त्याच दुपारी, चौकातून, सगळ्यांदेखत. नाही गेले. म्हटलं, तुमचं कोण करणार."

"मग आता... त्याला निरोप धाडला तर..."

"त्याला दोन मुलं आहेत, बाबा." तिनं टॉवेल उचलून फळीवर रचायला घेतले. "दार्दो वाईट नाही. सांगितलं तिथे हसतो. ह्या घरात मला हेच करता येतं, तर तसाच माणूस बरा. मार्चमध्ये लग्न आहे, क्लबच्या हॉलमध्ये. तुम्हाला विचारत नाहीये. सांगतेय."

त्यानंतर ओरेस्तेनं कात्री थांबवायची नाही असं ठरवलं. हट्टी तो पहिल्यापासूनच. समोरचा कुठेही पोचू दे, सातवीवर नाहीतर आठवीवर, कात्री आपली कचकच, कचकच. मनगट सुजलं. आणि बाकड्यावरचं हसू बंद झालं. माणसं पानं उलटायची, कान टवकारायची, काही ऐकू आलं नाही की पुढचं पान उलटायची. सलूनमध्ये मसणवटीची शांतता. फादर एकदा सातव्या चौकटीला चुकून फुसकन हसले आणि लगेच त्यांनी मानेवर हात ठेवला. एवढं गाव, गोठेच्या गोठे गाईंचे मालक, आणि एका न्हाव्यानं खूण केल्याशिवाय हसायचं कुठे हे एकालाही ठाऊक नाही! ओरेस्ते आरशात त्यांच्याकडे बघायचा, आणि ते आरशात त्याच्याकडे. कोण कुणाची कीव करतंय ते कळत नव्हतं.

मार्चमध्ये लग्न झालं. लाकडी गोळ्यांचा बोचा खेळायच्या क्लबचा हॉल, लांबच लांब टेबलं, मागच्या अंगणात निखाऱ्यांवर वासराचं मांस, वाईनचे मोठाले बुधले. ओरेस्ते टाय लावून आला, मुख्य टेबलाच्या टोकाला बसला. दोन घास पोटात गेल्यावर दार्दोचा मामा पेला घेऊन उठला. त्याला विनोद सांगायचा होता. असले मामा प्रत्येक लग्नात असतात, त्यांना आवरायला कायदा हवा. कुठल्याशा पाद्र्याची आणि आटलेल्या गाईची ती गोष्ट होती, लांबलचक, मध्येच तो स्वतःच विसरला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. शेवटी एकदाची संपली. मामानं पेला उंच केला आणि हसणाऱ्यांची वाट बघत उभा राहिला.

हॉलमध्ये कुणी हसेना. ओरेस्तेनं मान वर केली. बोस्सिओ त्याच्याकडे बघत होता. फादर त्याच्याकडे बघत होते. दूधवाले, ट्रकवाले, त्यांच्या बायका, सुरी हातात तशीच धरून, सगळा हॉल त्याच्या तोंडाकडे बघत होता. जावईसुद्धा. इतकी वर्षं ही तोंडं त्यानं आरशात बघितली होती, आणि अशी समोरासमोर पहिल्यांदाच बघत होता. गोष्टीत गंमत होती की नव्हती हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं ती ऐकलीच नव्हती. मामाचा पेला अजून वरच होता.

ओरेस्ते हसला.

तो हसला आणि हॉल फुटला. टेबलावर मुठी आपटल्या, कुणाला ठसका लागला, मामा धन्य होऊन खाली बसला. ओरेस्तेनं ग्रिसेल्दाकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, हसतही नव्हती. नवरीची पदराएवढी लांब पांढरी जाळीची ओढणी मागे सारून ती ताटातलं मांस कापत होती, आणि सुरी बोथट असल्यामुळे तिला ते जरा जड जात होतं.